सटन हू, १९३९: सोनं कुणाचं हे सोन्याने नाही, जागेने ठरवलं

१४ ऑगस्ट १९३९ रोजी इंग्लंडच्या सफक परगण्यात सटन नावाच्या खेड्याच्या सभागृहात कॉरोनरची चौकशी भरली. मुंबईतल्या जुन्या पिढीला कॉरोनर कोर्ट म्हटलं की संशयास्पद मृत्यू आठवतील. इंग्लंडात मात्र गुप्तधनाची चौकशीसुद्धा मध्ययुगापासून याच अधिकाऱ्याकडे आहे. त्या दिवशी चौदा स्थानिक पुरुषांच्या ज्युरीपुढे प्रश्न होता तो असा: जवळच्या सटन हू इथे नुकतंच सापडलेलं सोनंचांदी सुमारे तेराशे वर्षांपूर्वी ज्यांनी जमिनीत ठेवलं, त्यांना ते पुन्हा काढायचं होतं का?

प्रश्न चमत्कारिक वाटतो, पण सगळी मालकी त्यावरच अवलंबून होती. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यानुसार सोनं किंवा चांदी परत काढून घेण्याच्या इराद्याने लपवलेली असेल आणि मूळ मालकाचा पत्ता नसेल, तर ती राजसत्तेची. कायमची सोडून दिलेली असेल, म्हणजे मृताबरोबर पुरलेली असेल, तर ती जमीनमालकाची. ज्यांचं नावही नक्की माहीत नाही, अशांचा इरादा ज्युरीने ओळखायचा होता. सटन हूचं हे प्रकरण मला पुन्हापुन्हा वाचावंसं वाटतं ते यासाठी की या प्रश्नाचं उत्तर एकाही दागिन्यात नव्हतं. ते होतं दागिने कुठे आणि कसे पडलेले होते त्यात. एका स्वयंशिक्षित माणसाने तीन महिने आधी ती जागा विस्कटू दिली नव्हती, म्हणूनच ते सापडलं.

टेकाडं आणि त्यांची मालकीण

नॉर्फक आणि सफक मिळून जुनं ईस्ट अँग्लिया. रोमन सत्ता गेल्यावर समुद्रापलीकडून आलेल्या अँगल लोकांचं इथे राज्य झालं. वुडब्रिज गावासमोर डेबेन नदीची खाडी आहे. तिच्या पूर्व काठावर, पाण्यापासून सुमारे तीस मीटर उंचावर रेताड माळ आहे आणि त्यावर मातीची अठराएक टेकाडं, हेच सटन हू. काही नांगरून जवळजवळ सपाट झालेली, काही ठळक.

ही जमीन एडिथ प्रिटी यांची. १९२६ साली त्यांनी नवऱ्याबरोबर ही मिळकत घेतली. १९३४ मध्ये नवरा वारला आणि लहान मुलाबरोबर त्या मोठ्या घरात राहत होत्या. परलोकविद्येत त्यांना रस होता, त्यामुळे टेकाडांवर फिरणाऱ्या सावल्यांच्या गोष्टी या प्रकरणाला कायमच्या चिकटल्या आहेत. त्या मी बाजूला ठेवतो. टेकाडं खणायची इच्छा व्हायला भूत दिसावंच लागतं असं नाही, खिडकीतून रोज टेकाडं दिसली तरी पुरतं.

इप्सविच म्युझियमने त्यांच्याकडे बेसिल ब्राउनला पाठवलं. जन्म १८८८ चा, शेतकऱ्याचा मुलगा, बाराव्या वर्षी शाळा सुटलेली. स्वतः शेती करून पोट भरेना. पण माणूस मुलखाचा वाचणारा: खगोलशास्त्राच्या जुन्या नकाशांवर त्याने १९३२ मध्ये पुस्तक काढलं होतं. म्युझियमसाठी तो कंत्राटावर खणायचा. सफकची वाळू त्याच्या हाताखालून गेलेली होती. कुठली माती मूळची आणि कुठली कुणीतरी उकरून पुन्हा भरलेली, हे त्याला रंगावरून आणि थापीखालच्या स्पर्शावरून कळे. मजुरी आठवड्याला तीस शिलिंग.

१९३८ च्या हंगामात त्याने तीन टेकाडं खणली. तिन्ही आधीच लुटलेली निघाली. दहनाच्या खुणा आणि मोडके तुकडे मिळाले. त्यांतल्या एका टेकाडात मात्र लोखंडी रिबिटं (फळ्या जोडणारे खिळे) सापडली, आणि ती जहाजाची होती. जवळच स्नेप इथे १८६२ साली एक जहाज-दफन उघडलं गेलं होतं आणि तिथली रिबिटं ऑल्डबरा गावच्या संग्रहालयात होती. ब्राउनने ती पाहून ठेवली. पुढच्या वर्षी जे घडलं त्याची तयारी इथेच झाली.

११ मेची रिबिट

८ मे १९३९ ला सर्वांत मोठ्या टेकाडाला हात घातला. मदतीला प्रिटीबाईंचा माळी आणि शिकारराखणदार. चौथ्या दिवशी माळ्याने लोखंडाचा एक गंजका तुकडा उचलून दाखवला. ब्राउनने काम थांबवलं आणि स्वतः खाली उतरला. थोडी वाळू सरकवल्यावर दुसरी रिबिट, मग तिसरी, सगळ्या ओळीत आणि सगळ्या आपापल्या जागी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रकरणाची कूस इथेच बदलते. त्या आम्लयुक्त वाळूत लाकूड टिकत नाही आणि हाडंही टिकत नाहीत. फळ्या कधीच कुजून गेल्या होत्या, मागे राहिला होता फक्त वाळूतला गडद डाग आणि फळ्या जोडणाऱ्या रिबिटांच्या ओळी. रांगोळी पुसली गेली तरी ठिपके उरावेत, तसं ते जहाज होतं. एक रिबिट उपसली की जहाजाचा तेवढा भाग संपला. जुन्या खणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लोखंड उपसून टोपलीत टाकलं असतं आणि सोन्याच्या शोधात सरळ खाली गेले असते. ब्राउनने उलटं केलं. रिबिटा जिथल्या तिथे ठेवून तो नाळेकडून (जहाजाच्या पुढच्या टोकाकडून) आतल्या बाजूने वाळू काढत गेला, म्हणजे डागाच्या पृष्ठभागाला धक्का लागणार नाही. हत्यारं घरगुती होती: कोळशाचं फावडं, चाकू, ब्रश, भाता. आठवडे गेले, आणि सत्तावीस मीटर लांबीचं जहाज वाळूच्या साच्यात उभं राहिलं. सव्वीस आडव्या फासळ्यांच्या खुणा, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ फळ्यांच्या ओळी, सगळं दिसत होतं. जहाज असं काहीच शिल्लक नव्हतं, तरी त्याचं माप घेता येत होतं.

खणताना आणखी एक गोष्ट लागली. टेकाडाच्या मधोमध जुन्या चोरांचा खड्डा होता, तळाशी शेकोटीच्या खुणा आणि सोळाव्या-सतराव्या शतकातल्या भांड्याचे तुकडे. म्हणजे मंडळी खोल उतरली, बसली, खाल्लं-प्यायलं आणि परत गेली. त्यांच्या हाती धुपाटणंही आलं नाही. कारण भूमितीचं होतं. मध्ययुगात शेताची हद्द आखताना टेकाडाची पश्चिम बाजू कापली गेली होती, त्यामुळे दिसणारं केंद्र आणि खरं केंद्र वेगळं पडलं. चोर दिसणाऱ्या केंद्रात सरळ उतरले, आणि दफनाची खोली बाजूलाच राहिली. ज्या अनाम शेतकऱ्याने ती बाजू कापली, त्याने अनवधानाने इंग्लंडचा हा ठेवा वाचवला.

कुणी खणायचं

जूनमध्ये केंब्रिजचे पुरातत्त्वज्ञ चार्ल्स फिलिप्स तिथे आले आणि खड्ड्याच्या काठावरून ते जहाज पाहून चक्रावले. बातमी ब्रिटिश म्युझियम आणि सरकारच्या बांधकाम खात्यापर्यंत गेली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सूत्रं फिलिप्स यांच्या हाती आली. इप्सविच म्युझियमला ते रुचलं नाही, आणि फिलिप्स व तिथल्या लोकांमधलं वितुष्ट लपलं नाही. ब्राउन राहिला, पण हाताखालचा माणूस म्हणून.

ही गोष्ट हल्ली गावचा अडाणी-पण-शहाणा विरुद्ध शहरी पंडित अशी सांगायची पद्धत पडली आहे. मला ती अर्धीच पटते. श्रेयाच्या बाबतीत ब्राउनवर अन्याय झाला, त्यात शंका नाही. ब्रिटिश म्युझियममधल्या मांडणीत त्याचं नाव यायला फार वर्षं लागली. पण दफनाच्या खोलीतला तो गुंतागुंतीचा ढीग एकट्याने, महिनाभरात, युद्ध तोंडावर असताना सोडवणं त्याला शक्य नव्हतं. फिलिप्स यांनी आणलेली माणसं त्या काळातली उत्तम होती: स्टुअर्ट आणि पेगी पिगॉट, डब्ल्यू. एफ. ग्राइम्स, ओ. जी. एस. क्रॉफर्ड. स्टुअर्ट पिगॉट यांनी वस्तू उचलण्याआधी तिची जागा आराखड्यावर आणण्याचं काम घेतलं. म्हणजे ब्राउनने रिबिटांबाबत जी शिस्त पाळली, तीच यांनी सोन्याबाबत पाळली. भांडण माणसांचं होतं, पद्धत एकच होती.

२१ जुलैला पेगी पिगॉट यांच्या हाताखाली पहिलं सोनं चमकलं: तलवारीच्या पट्ट्यावरचा लहानसा, गार्नेट (आपल्या जव्हेऱ्यांचा तामडा) जडवलेला पिरॅमिडच्या आकाराचा तुकडा. त्यानंतरच्या दहाएक दिवसांत बाकीचं बाहेर आलं. चारशे ग्रॅमहून जड सोन्याचं बक्कल, खांद्यावरचे जडावाचे आकडे, थैलीचं झाकण, मोडून तुकडे झालेलं शिरस्त्राण, ढाल, दगडी राजदंड, चांदीचे दहा वाडगे, बिझंटाइन सम्राट अनास्तासियसच्या काळातल्या अधिकृत ठशांचं बहात्तर सेंटिमीटर व्यासाचं चांदीचं ताट. मृतदेह मात्र नव्हता.

ऑगस्टमध्ये सुट्टीवर आलेल्या दोन शिक्षिका, मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ, रिकाम्या जहाजाचे फोटो काढत राहिल्या. सुमारे चारशे, काही रंगीतसुद्धा. पुढे काय होणार हे माहीत असतं तर कदाचित आणखी काढले असते.

ज्युरीने काय पाहिलं

आता चौकशीकडे येऊ. राजसत्तेच्या बाजूने निकाल लागण्यासाठी हे दाखवावं लागलं असतं की ठेवा लपवलेला आहे आणि कुणीतरी तो काढायला परत येणार होतं. पुरावा काय सांगत होता? चाळीस वल्ह्यांचं म्हणता येईल असं जहाज नदीतून माळावर ओढून आणलं होतं. त्यासाठी चर खणला, मधोमध लाकडी खोली बांधली, वस्तू मांडल्या आणि वर टेकाड रचलं. हे रात्रीच्या अंधारात चारचौघांनी केलेलं काम नव्हतं. त्याला पुष्कळ माणसं लागली असणार आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी ते पाहिलं असणार. ज्या टेकाडाकडे सगळ्यांचं लक्ष जावं म्हणून ते उभारलं, त्यात लपवाछपवी कसली? ज्युरीने निकाल दिला: गुप्तधन नाही, ऐवज एडिथ प्रिटी यांचा.

ब्राउनने सुरुवातीलाच रिबिटं उपसली असती तर जहाजाचा आकार ज्युरीपुढे मांडता आला नसता, आणि मग पुढे सोन्याचा एक ढीग आला असता, ज्याचा इरादा कुणालाच सांगता आला नसता. हा तर्क चौकशीत कुणी या शब्दांत मांडला असं मी म्हणत नाही, पण घटनांचा क्रम तेच दाखवतो.

काही दिवसांतच प्रिटीबाईंनी सगळा ऐवज ब्रिटिश म्युझियमला, म्हणजे देशाला, देऊन टाकला. चर्चिल यांच्या सरकारने पुढे देऊ केलेला मानाचा किताब त्यांनी नाकारला आणि १९४२ मध्ये त्या वारल्या.

आपल्याकडे हीच गोष्ट घडली असती तर? भारतात ब्रिटिशांनीच १८७८ साली निखात निधीचा कायदा केला आणि तो अजून चालू आहे. गंमत म्हणजे त्यात इराद्याचा प्रश्नच नाही. जमिनीत दडलेली किंमतवान कोणतीही वस्तू म्हणजे निधी, दहा रुपयांहून जास्त किमतीची असली की कलेक्टरला कळवायचं. मूळ मालक सापडला नाही आणि वेगळा करार नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश, आणि सरकारला हवा असेल तर जादा रक्कम देऊन ते घेऊ शकतं. स्वतःच्या देशात मृतांचं मन तपासणारा कायदा आणि वसाहतीत सरळ हिशोबाचा! इंग्लंडने शेवटी १९९६ च्या कायद्याने इराद्याची अट काढून टाकली. आजच्या नियमाने सटन हूचं सोनं थेट निधी ठरलं असतं, प्रिटीबाईंना बाजारभावाने मोबदला मिळाला असता, आणि ब्राउनला तरीही मजुरीच, कारण कामावर नेमलेल्या पुरातत्त्वज्ञाला या बक्षिसात वाटा नसतो.

रिकाम्या जागेचा पुरावा

३ सप्टेंबरला युद्ध सुरू झालं. ऐवज लंडनमध्ये ऑल्डविच इथल्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यात ठेवला. जहाजाचा चर नेच्याच्या झावळ्यांनी झाकला होता. लष्कराने तो माळ सरावासाठी घेतला आणि टेकाडांवरून रणगाडे फिरले. १९६५ नंतर पुन्हा खणलं तेव्हा साच्याचा बराच भाग मोडलेला सापडला. जे शिल्लक होतं त्याचा प्लास्टरचा साचा घेतला. त्या शिक्षिकांचे फोटो इथे कामी आले.

याच दुसऱ्या उत्खननात मृतदेहाचा प्रश्न सुटायला लागला. मूळ अहवालांपासून शंका होती की हे फक्त स्मारक असावं, राजा दुसरीकडेच मेला असेल. पण मातीच्या रासायनिक तपासणीत, जिथे शरीर असायला हवं तिथे, फॉस्फेटचं प्रमाण जास्त मिळालं. देह होता, वाळूने तो विरघळवला. १९८३ ते १९९२ मध्ये मार्टिन कार्व्हर यांच्या चमूने याच माळावर नुसत्या घट्ट गडद वाळूच्या रूपात राहिलेली शरीरं उघडली. त्यातली पुष्कळ नंतरच्या काळात देहदंड दिलेल्यांची. एका टेकाडाखाली एक तरुण आणि त्याचा घोडा शेजारीशेजारी पुरलेले होते. चोरांनी दोन खड्ड्यांच्या मधोमध खणलं होतं, इथेही नेम चुकला.

जागेचा पुरावा कुठवर जातो याचं माझं आवडतं उदाहरण तलवारीचं आहे. ती शरीराच्या जागेच्या उजव्या बाजूला ठेवलेली होती. तलवार डाव्या कमरेला लटकवतात ती उजव्या हाताने उपसण्यासाठी. ब्रिटिश म्युझियमच्या स्यू ब्रनिंग यांनी मुठीच्या सोन्याची झीज तपासली, ती डाव्या हाताने धरल्यासारखी निघाली. म्हणजे हा माणूस डावखुरा असावा. हाड नाही, चेहरा नाही, नाव नाही, पण हात कुठला ते कळतं.

नावाकडे येऊ. थैलीचं चामडं कुजलं होतं, पण झाकण नाण्यांवर जसंच्या तसं पडलेलं असल्यामुळे नाणी एकाच थैलीतली हे कळलं. सदतीस सोन्याची नाणी, तीन कोऱ्या चकत्या, दोन लहान लगडी. नाणी आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या मेरोव्हिंजियन राज्यातली आणि प्रत्येक वेगळ्या टांकसाळीची. म्हणजे कुणाच्या खिशातली चिल्लर नव्हे, वेचून ठेवलेला संच. बेचाळीस तुकडे म्हणजे चाळीस वल्हेकरी आणि दोन सुकाणूवाले यांचं परलोकातलं वेतन, असा एक सुंदर अंदाज आहे. मला तो जरा जास्तच सुंदर वाटतो. नाण्यांचा काळ आधी बराच पुढे धरला जाई. पुढे तो साधारण ६१० ते ६३५ असा आला आणि मग ६२५ च्या सुमाराला वारलेल्या राजा रेडवाल्डचं नाव बसायला लागलं. बीड नावाच्या इतिहासकार साधूने (मराठवाड्यातलं बीड नव्हे) लिहून ठेवलं आहे की रेडवाल्डने बाप्तिस्मा घेतला, पण एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या देवांची वेदी दोन्ही ठेवल्या. जहाजातल्या दोन चमच्यांवर ग्रीक अक्षरांत नावं आहेत: एकावर पौलोस, दुसऱ्यावर बहुतेक सौलोस, म्हणजे बायबलमधला ख्रिस्ती झालेला पॉल आणि त्याचं आधीचं नाव सौल. चमच्यांबरोबर पुरलेला माणूस बाप्तिस्म्याचा होता हे त्यातून सिद्ध होत नाही, पण रेडवाल्डचं स्मरण होतंच. इतकं असूनही खात्रीचा शिक्का कुणी मारलेला नाही, आणि ते बरोबर आहे.

वस्तू आल्या कुठून हाही जागेचाच प्रश्न. जडावातले हजारो गार्नेट अभ्यासकांच्या मते काही प्रमाणात भारतीय उपखंडातून आणि श्रीलंकेतून आलेले आहेत, हस्ते परहस्ते, समुद्राने आणि जमिनीने. जहाजात मिळालेले काळे गोळे जहाजाला लावायच्या डांबराचे समजले जात. २०१६ साली तपासणीत ते पश्चिम आशियातल्या बिटुमेनचे (जमिनीत नैसर्गिकरीत्या मिळणाऱ्या डांबराचे) निघाले. ‘अंधारयुग’ म्हणून मोडीत काढलेल्या शतकात सफकच्या खाडीपर्यंत इतकं सगळं पोहोचत होतं.

वस्तू होत्या पण जागा हरवली की काय होतं, तेही याच ऐवजात दिसतं. शिरस्त्राण पाचशेहून जास्त तुकड्यांत होतं. लोखंड गंजून ठिसूळ झाल्यावर खोलीचं छत त्यावर कोसळलं होतं. हर्बर्ट मॅरियन यांनी १९४६ च्या सुमाराला केलेली जुळणी वर्षानुवर्षं प्रसिद्ध होती, तरी त्यात डोक्याचा काही भाग उघडा राहत होता. नायजेल विल्यम्स यांनी १९७० च्या आसपास ती पूर्ण सोडवून नव्याने जुळवली. आज म्युझियममध्ये दिसतं ते हे दुसरं रूप. लाकडाच्या काही तुकड्यांची आधी हार्प म्हणून जुळणी झाली, नंतर ते लायर, म्हणजे वेगळंच तंतुवाद्य, ठरलं.

नदीच्या वरच्या अंगाला

सटन हूपासून सहाएक किलोमीटरवर रेंडलशम आहे. बीडने तिथे राजवाडा असल्याचा उल्लेख केला आहे. २००८ मध्ये तिथल्या जमीनमालकाच्या लक्षात आलं की रात्री कुणीतरी मेटल डिटेक्टर घेऊन शेतात शिरतं आणि खड्डे सोडून जातं. सफक काउंटी कौन्सिलने मग २०१४ पर्यंत पद्धतशीर सर्वेक्षण केलं. नांगराखालच्या मातीतल्या प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवत सुमारे १६० हेक्टर शेतं तपासली. सोनारकामाचे उरलेसुरले तुकडे, नाणी, जडावाचे अवशेष कुठे दाट पडतात ते नकाशावर दिसायला लागलं. त्यावरून जागा निवडून खणलं आणि २०२२ मध्ये तेवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद लाकडी दरबाराच्या पायाच्या खुणा मिळाल्या, सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या. तिथेही लाकूड नव्हतं, खांबांच्या खड्ड्यांचे आणि भिंतीच्या चरांचे डाग होते. रात्री येणाऱ्यांनी जे उचलून नेलं, ते कुठल्या शेताच्या कुठल्या कोपऱ्यातलं होतं हे मात्र त्या नकाशावर घालता येत नाही.